इटालियन क्रियापदांचे काळ आणि अर्थ : वाचकांच्या शंका

इटालियन शिकणाऱ्या वाचकांनी क्रियापदांच्या रूपांविषयी बऱ्याच शंका विचारल्या आहेत. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे क्रियापदांना दिले आहे. इटालियन शब्द उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. त्यांतील त आणि द मराठीप्रमाणेच दंत्य आहेत. जोडाक्षराने दाखवलेले द्वित्व मात्र स्पष्ट उच्चारावे, कारण अनेक ठिकाणी अर्थ त्यावरच अवलंबून असतो.

प्रश्न : पाठ्यपुस्तकाच्या शेवटी एकाच क्रियापदाचे सात अर्थ आणि एकवीस काळ यांचा तक्ता दिलेला आहे. हे सगळे पाठ करणे आवश्यक आहे काय? सुरुवात कोठून करावी?

उत्तर : तक्त्यातील आकडे बरोबर आहेत. इन्दिकातीवोचे आठ काळ, कोन्जुन्तीवोचे चार, कोन्दित्स्योनालेचे दोन, इम्पेरातीवोचा एक, आणि ज्यांना पुरुष लागत नाही अशा इन्फिनीतो (मूळरूप), पार्तिचीप्यो (धातुसाधित) व जेरून्द्यो ('बोलत असताना'सारखे रूप) यांचे प्रत्येकी दोन, असे मिळून एकवीस होतात. परंतु त्यांपैकी नऊ काळ संयुक्त आहेत, म्हणजे ते 'आवेरे' (जवळ असणे) किंवा 'एस्सेरे' (असणे) या साहाय्यक क्रियापदाच्या रूपाला भूतकालवाचक धातुसाधित जोडून तयार होतात. ही दोन साहाय्यके पक्की असली की ते नऊ काळ वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

सात अर्थांची धास्ती घेण्याचेही कारण नाही. शाळेच्या मराठी व्याकरणात आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ हे क्रियापदाचे चार अर्थ शिकलेले असतो. इन्दिकातीवो म्हणजे स्वार्थ आणि इम्पेरातीवो म्हणजे आज्ञार्थ. कोन्जुन्तीवोचे बरेचसे काम आपला विध्यर्थ करतो आणि कोन्दित्स्योनालेचे बरेचसे काम संकेतार्थ करतो. ही जुळणी तंतोतंत नाही, आणि ती कोठे सुटते हे पुढील उत्तरांत येईलच. तरीही इंग्रजीच्या वाटेने जाण्यापेक्षा मराठीच्या वाटेने इटालियन क्रियापद अधिक लवकर समजते, असे माझे ठाम मत आहे. आपल्या क्रियापदालाही पुरुष, वचन आणि लिंग यांप्रमाणे प्रत्यय लागतात, आणि कर्ता न उच्चारताही 'येतो', 'येतेस' एवढ्यावरून तो कळतो. 'पार्लो' म्हटले की 'मी बोलतो' किंवा 'मी बोलते' हे इटालियन माणसाला तसेच कळते.

क्रम म्हणाल तर आधी वर्तमानकाळ, मग पास्सातो प्रोस्सिमो (पुरी झालेली क्रिया सांगणारा संयुक्त भूतकाळ), त्यानंतर इम्पेर्फेत्तो (चालू किंवा नेहमीच्या क्रियेचा भूतकाळ) घ्यावा. इम्पेर्फेत्तो हा सर्वांत नियमित काळ आहे. 'एस्सेरे'ची 'एरो, एरी, एरा' ही रूपे सोडल्यास अडचण अशी येतच नाही. 'फारे'चे (करणे) 'फाचेवो', 'दीरे'चे (म्हणणे) 'दिचेवो' आणि 'बेरे'चे (पिणे) 'बेवेवो' होते, ते या क्रियापदांच्या जुन्या, लांब मूळरूपांवरून. भविष्यकाळ आणि कोन्दित्स्योनाले एकत्र शिकावेत, कारण दोघांचा पाया एकच असतो : 'सारो' आणि 'सारेइ', 'वेर्रो' आणि 'वेर्रेइ'. येथे द्वित्वाकडे विशेष लक्ष द्यावे. 'पार्लेरेमो' म्हणजे 'आम्ही बोलू' आणि 'पार्लेरेम्मो' म्हणजे 'आम्ही बोललो असतो' किंवा 'आम्ही बोलू शकू'. एका म-च्या फरकाने विधान आश्वासनातून शक्यतेत जाते.

अनियमित क्रियापदासाठी तक्त्याऐवजी त्याची चार रूपे लक्षात ठेवावीत : मूळरूप, वर्तमानकाळाचा प्रथमपुरुष, पास्सातो रेमोतोचा (कथा-इतिहासात येणारा साधा भूतकाळ) प्रथमपुरुष आणि धातुसाधित. 'प्रेन्देरे, प्रेन्दो, प्रेझी, प्रेझो' किंवा 'वेनीरे, वेन्गो, वेन्नी, वेनूतो' असे मोठ्याने म्हणावे. 'प्रेन्देरे'सारखीच 'शेन्देरे', 'स्पेन्देरे', 'आच्चेन्देरे', 'दिफेन्देरे' ही चालतात, त्यामुळे एका क्रियापदाबरोबर पूर्ण कुटुंब हाती येते. 'वेन्देरे' मात्र त्या कुटुंबातले नाही, त्याचे धातुसाधित 'वेन्दूतो' असे नियमित आहे. त्रापास्सातो रेमोतो हा काळ आज केवळ साहित्यात आढळतो. तो ओळखता आला तरी पुरे.

प्रश्न : 'पार्लानो' (ते बोलतात) या रूपाचा उच्चार करताना शिक्षक मला वारंवार थांबवतात. माझे काय चुकते?

उत्तर : आपण बहुधा 'ला'वर जोर देत असाल. इटालियनमध्ये बहुतेक शब्दांचा आघात उपान्त्य अक्षरावर असतो, म्हणून तसे होते. परंतु वर्तमानकाळाच्या तृतीयपुरुषी अनेकवचनात आघात एकवचनात जेथे होता तेथेच राहतो. 'पार्ला'मध्ये तो 'पार्'वर आहे, तर 'पार्लानो'मध्येही 'पार्'वरच हवा. 'तेलेफोनो' म्हणजे 'मी फोन करतो', यात आघात 'ले'वर आहे, आणि 'तेलेफोनानो'मध्येही तो 'ले'वरच असल्यामुळे शेवटची तीन अक्षरे हलकी जातात. एकवचन आणि अनेकवचन जोडीने म्हणण्याचा सराव ठेवावा.

प्रश्न : पास्सातो प्रोस्सिमोमध्ये 'आवेरे' केव्हा आणि 'एस्सेरे' केव्हा वापरावे? शिवाय धातुसाधिताचे लिंग कधी बदलते आणि कधी बदलत नाही, हे मला उलगडत नाही.

उत्तर : हा प्रश्न विस्ताराने पाहण्यासारखा आहे, कारण मराठी भाषकाला त्यातील अर्धी गोष्ट आधीच येत असते.

मराठीत पुरुष 'मी गेलो' म्हणतो आणि स्त्री 'मी गेले' म्हणते. इटालियनमध्ये पुरुष 'सोनो आन्दातो' म्हणतो आणि स्त्री 'सोनो आन्दाता' म्हणते. जाणे, येणे, पोहोचणे, जन्मणे, मरणे, होणे, राहणे अशा अकर्मक क्रियापदांना 'एस्सेरे' लागते आणि धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलते. सकर्मक क्रियापदांना 'आवेरे' लागते : 'ओ लेत्तो', मी वाचले. आपल्याकडेही सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्त्याची साथ सोडून कर्माच्या मागे जातो : 'मी पुस्तक वाचले', 'मी चिठ्ठी वाचली'. हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृतमधील 'गत', 'कृत' यांसारखी भूतकालवाचक धातुसाधिते मराठी भूतकाळाच्या मुळाशी आहेत, आणि लॅटिनमधील त्याच जातीची धातुसाधिते इटालियन भूतकाळाच्या मुळाशी आहेत. म्हणून दोन्ही भाषांत भूतकाळाचे क्रियापद विशेषणासारखे वागते.

एकाच क्रियेची दोन रूपे असतील तेथे मराठी फारच उपयोगी पडते. 'चित्रपट संपला' म्हणजे 'इल फिल्म ए फिनीतो', आणि 'मी पुस्तक संपवले' म्हणजे 'ओ फिनीतो इल लीब्रो'. इटालियनमध्ये क्रियापद एकच आहे, परंतु आपण मनात 'संपणे' म्हणतो की 'संपवणे' यावरून साहाय्यक ठरवता येते. 'प्याचेरे' हे क्रियापदही असेच ओळखीचे वाटेल. 'मला शहर आवडले' या वाक्यात 'शहर' हा शब्द जसा क्रियापदाला चालवतो, तसाच 'मी ए प्याचूता ला चित्ता' या वाक्यात 'चित्ता' हा स्त्रीलिंगी शब्द धातुसाधिताला चालवतो. येथे 'मी' म्हणजे 'मला'.

आता मराठी कोठे फसवते ते पाहू. 'मी झोपलो', 'मी चाललो' यांत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते, म्हणून विद्यार्थी 'सोनो दोर्मीतो' म्हणतात. ते चुकीचे आहे. 'दोर्मीरे' (झोपणे), 'काम्मिनारे' (चालणे), 'नुओतारे' (पोहणे), 'व्याज्जारे' (प्रवास करणे) ही अकर्मक असूनही 'आवेरे' घेतात : 'ओ दोर्मीतो', 'ओ काम्मिनातो'. ही क्रियापदे वेगळी लिहून ठेवणे हाच उपाय आहे.

दुसरी फसगत कर्माशी होणाऱ्या मेळाची आहे. 'मी चिठ्ठी लिहिली' असे म्हणण्याची सवय असल्यामुळे 'ओ स्क्रित्ता ला लेत्तेरा' असे तोंडात येते. जुन्या इटालियनमध्ये असा मेळ आढळतोही, परंतु आजची रीत 'ओ स्क्रित्तो ला लेत्तेरा' अशी आहे. कर्म नामाच्या रूपाने नंतर आले, तर धातुसाधित बदलत नाही. मात्र तेच कर्म सर्वनाम होऊन आधी आले, तर ते बदलावेच लागते. 'चिठ्ठी लिहिलीस का?' या अर्थी 'आय स्क्रित्तो ला लेत्तेरा?' असे विचारले, तर उत्तर 'सी, लो स्क्रित्ता' असे येईल. त्यातील 'लो' हा 'ला' आणि 'ओ' यांचा संधी आहे. एकाच संवादात प्रश्नातला 'स्क्रित्तो' उत्तरात 'स्क्रित्ता' होतो, आणि हे का होते ते एकदा लक्षात आले की हा नियम विसरला जात नाही.

आत्मवाचक क्रियापदांत आणखी एक गोष्ट सांभाळावी. 'मी हात धुतले' यात मराठी क्रियापद हातांप्रमाणे बदलते. इटालियन स्त्री मात्र 'मी सोनो लावाता ले मानी' म्हणेल. तेथे 'एस्सेरे' असल्यामुळे धातुसाधित बोलणारीप्रमाणे चालते.

प्रश्न : इम्पेर्फेत्तो आणि पास्सातो प्रोस्सिमो यांतील निवड करताना मी नेहमी अडखळते. एखादा सोपा निकष आहे काय?

उत्तर : क्रिया पुरी झाली म्हणून सांगायची असेल तर पास्सातो प्रोस्सिमो. चालू होती, नेहमीची होती किंवा पार्श्वभूमी म्हणून सांगायची असेल तर इम्पेर्फेत्तो. 'मी जात असे' आणि 'मी जात होते' या दोन्हींना 'आन्दावो', तर 'मी गेले' याला 'सोनो आन्दाता'. क्रिया किती वेळ चालली यावर निवड अवलंबून नसते. वीस वर्षे एका शहरात राहून संपली असतील, तर त्या वीस वर्षांनाही पास्सातो प्रोस्सिमोच लागतो.

काही क्रियापदांत काळ बदलला की मराठीत निराळेच क्रियापद वापरावे लागते. 'सापेवो' म्हणजे 'मला माहीत होते' आणि 'ओ सापूतो' म्हणजे 'मला कळले'. 'लो कोनोशेवो' म्हणजे 'मी त्याला ओळखत होते' आणि 'लो कोनोश्शूतो' म्हणजे 'माझी त्याच्याशी ओळख झाली'. या जोड्या मराठीतून पाहिल्या की दोन काळांतील फरक अगदी स्वच्छ दिसतो.

एका सवयीपासून मात्र सावध राहावे. आपण सहज 'काल मी तिच्याकडे गेले होते' असे म्हणतो. त्या वाक्याचे शब्दशः रूप 'एरो आन्दाता' असे होईल, परंतु तो त्रापास्सातो प्रोस्सिमो आहे. भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी जे घडले, त्यासाठीच तो काळ राखलेला आहे. केवळ काल गेल्याचे सांगायचे असेल, तर 'सोनो आन्दाता' एवढेच म्हणावे.

प्रश्न : पास्सातो रेमोतो बोलण्यात कोणी वापरत नाही असे सांगतात, मग पुस्तकांत तो पानोपानी का दिसतो? तसेच एका जुन्या पुस्तकात मला 'इओ आवेवो'च्या ('माझ्याजवळ होते') जागी 'इओ आवेवा' असे दिसले. ती छपाईची चूक आहे काय?

उत्तर : कोणी वापरत नाही हे विधान उत्तर इटलीपुरते बरेचसे खरे आहे. तेथे रोजच्या बोलण्यात जुनी घटनाही पास्सातो प्रोस्सिमोमध्येच सांगतात. तोस्काना या मध्य इटलीतील प्रांतात आणि दक्षिणेत तो बोलण्यातही जिवंत आहे. सिसिलीत तर नुकत्याच घडलेल्या गोष्टीसाठीही तो ऐकू येतो. लेखनात, विशेषतः कथा, इतिहास आणि चरित्र यांत, तो सर्वत्र आहे. 'दान्ते नाक्क्वे आ फिरेन्त्से' म्हणजे कवी दान्ते फिरेन्त्सेत (फ्लॉरेन्समध्ये) जन्मला, 'ए मोरी आ रावेन्ना' म्हणजे आणि रावेन्नात मरण पावला. 1265 आणि 1321 या सालांच्या घटना आजच्या क्षणाशी जोडलेल्या नाहीत, म्हणून हा काळ तेथे शोभतो.

त्याची अनियमितता एका आकृतीत बसते. 'स्क्रीस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रीस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रीस्सेरो' ही रूपे पाहा. प्रथमपुरुषी एकवचन आणि तृतीयपुरुषाची दोन्ही वचने तेवढी बदललेली आहेत, बाकीची तीन मूळ धातूवरूनच झाली आहेत. बहुतेक अनियमित क्रियापदे याच आकृतीने चालतात, त्यामुळे एक रूप आठवले की इतर दोन आपोआप मिळतात.

'इओ आवेवा' ही छपाईची चूक नाही. लॅटिनमधून आलेल्या इम्पेर्फेत्तोच्या प्रथमपुरुषाचा शेवट पूर्वी लिखित भाषेत 'आ'ने होत असे, आणि तृतीयपुरुषाचाही तसाच होत असे. आलेस्सान्द्रो मान्झोनी यांची 'इ प्रोमेस्सी स्पोझी' ही कादंबरी 1827 मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे 1840 ते 1842 या काळात आलेल्या सुधारित आवृत्तीसाठी त्यांनी भाषा फिरेन्त्सेच्या जिवंत बोलीला धरून घासूनपुसून घेतली, आणि त्या कामात 'आवेवा'चे 'आवेवो' केले. आज जे रूप आपण नियम म्हणून शिकतो, त्याला प्रतिष्ठा मिळण्यात त्या आवृत्तीचा मोठा वाटा आहे. तेव्हा जुने पुस्तक वाचताना 'आ'ने संपणारे रूप दिसले, तर ते 'मी'चे की 'तो'चे हे संदर्भावरून ठरवावे.

प्रश्न : कोन्जुन्तीवो नेमका कशासाठी आहे? आणि 'से'ने (म्हणजे 'जर'ने) सुरू होणाऱ्या वाक्यात माझी रूपे हमखास चुकतात, त्यावर काही मार्ग सुचवावा.

उत्तर : आधी विध्यर्थ आठवावा. 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' याचे इटालियन 'वोल्यो के तू वेन्गा'. इच्छा, आशा, भीती, गरज यांनंतर येणारे पोटवाक्य अद्याप वास्तव झालेले नसते, म्हणून तेथे कोन्जुन्तीवो येतो. 'बिझोन्या के' (गरज आहे की), 'प्रीमा के' (त्याआधी), 'आफ्फिन्के' (यासाठी की), 'बेन्के' (जरी) यांच्यामागेही तो येतो. इथवर मराठी सोबत करते.

पुढे वाट वेगळी होते. 'तो आजारी आहे असे मला वाटते' या वाक्यात आपण स्वार्थ वापरतो. इटालियन मात्र 'क्रेदो के सीआ मालातो' म्हणते. कारण विधानाची जबाबदारी बोलणाऱ्याने स्वतःच्या मतापुरतीच घेतली आहे. 'सो के ए मालातो', म्हणजे 'तो आजारी आहे हे मला माहीत आहे', असे म्हटले की लगेच इन्दिकातीवो परत येतो. बोलण्यात 'क्रेदो के ए' हेही ऐकू येते, परंतु लेखनात आणि परीक्षेत ते टाळावे. आणखी एक पथ्य आहे. दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच असेल, तर कोन्जुन्तीवो न वापरता 'दी' आणि मूळरूप घ्यावे. 'मी आजारी आहे असे मला वाटते' म्हणजे 'क्रेदो दी एस्सेरे मालातो'.

रूपांपुरते सांगायचे तर स्वरांची अदलाबदल होते. 'आरे'ने संपणाऱ्या क्रियापदांना 'ई' लागते आणि बाकीच्यांना 'आ' : 'के पार्ली', 'के प्रेन्दा', 'के फिनिस्का'. अनियमित रूपे वर्तमानकाळाच्या प्रथमपुरुषावरून काढता येतात : 'दीको'वरून 'दीका', 'एस्को'वरून 'एस्का', 'फाच्चो'वरून 'फाच्चा'. 'सीआ', 'आब्ब्या', 'साप्प्या', 'स्तीआ', 'दीआ' ही मात्र पाठच करावी लागतात. एकवचनाच्या तिन्ही पुरुषांचे रूप एकच असल्यामुळे घोटाळा होण्याची शक्यता असेल तेथे 'इओ', 'तू', 'लुई' ही सर्वनामे उच्चारावीत.

आता 'से'विषयी. 'मला वेळ असता तर मी आलो असतो' या मराठी वाक्याच्या दोन्ही भागांत संकेतार्थाचे रूप आहे. तीच सवय इटालियनमध्ये नेली की 'से आव्रेइ तेम्पो' असे चुकीचे रूप तयार होते. इटलीतील शाळकरी मुलांचीही हीच चूक शिक्षक सतत दुरुस्त करत असतात. 'से'च्या भागात कोन्जुन्तीवो आणि परिणामाच्या भागात कोन्दित्स्योनाले, अशी वाटणी आहे : 'से आवेस्सी तेम्पो, वेर्रेइ'. शिवाय मराठी वाक्य आजच्या अडचणीविषयी आहे की कालच्या, हे संदर्भावरून ठरते. इटालियनमध्ये ते रूपातच सांगावे लागते. वरचे वाक्य आजचे झाले. कालचे असेल तर 'से आवेस्सी आवूतो तेम्पो, सारेइ वेनूतो' असे दोन्ही भाग संयुक्त होतात. लिहिण्यापूर्वी गोष्ट आजची की कालची, हे स्वतःला विचारले तर निम्म्या चुका टळतील.

प्रश्न : 'सारान्नो ले ओत्तो' या वाक्यात भविष्यकाळ का आहे?

उत्तर : मराठीत आपण 'आठ वाजले असतील' म्हणतो, तोच तर्क येथे आहे. 'आव्रा पेर्सो इल त्रेनो' म्हणजे 'त्याची गाडी चुकली असेल'. येथे फुतूरो आन्तेरिओरे आहे आणि त्यातील 'आव्रा' आपल्या 'असेल'चेच काम करतो.

प्रश्न : अनोळखी व्यक्तीशी बोलताना आज्ञार्थ कसा वापरावा? आणि नकारार्थी आज्ञेत मूळरूप का येते?

उत्तर : जवळच्या व्यक्तीला 'पार्ला', म्हणजे 'बोल'. आदराने 'लेइ' म्हणून संबोधायचे असेल, तर कोन्जुन्तीवोचे रूप घ्यावे : 'पार्ली', 'सेन्ता', 'मी दीका'. आपणही औपचारिक प्रसंगी 'बसा' याऐवजी 'आपण बसावे' असे विध्यर्थाने म्हणतो. 'सी आक्कोमोदी' हे त्याचेच इटालियन रूप समजावे. आज्ञेला इच्छेचे रूप दिले की ती सौम्य होते, हे दोन्ही भाषांनी जाणले आहे.

नकारात 'तू'साठी 'नोन पार्लारे' असे मूळरूप येते. मराठीतही 'बोल'चा नकार 'न बोल' असा होत नाही, 'बोलू नकोस' होतो, आणि त्यातील 'बोलू' हे मूळरूपासारखेच पुरुषविरहित रूप आहे. 'लेइ'साठी मात्र 'नोन पार्ली', म्हणजे कोन्जुन्तीवो तसाच राहतो. 'वोई'साठी (अनेकवचनी 'तुम्ही') 'नोन पार्लाते'.

प्रश्न : इटालियन वृत्तपत्रात 'इल मिनिस्त्रो सी सारेब्बे दिमेस्सो' असे वाचले. यात कोणतीही अट नाही, मग कोन्दित्स्योनाले कसे आले?

उत्तर : याचा अर्थ 'मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचे समजते' असा आहे. बातमीची खातरजमा झालेली नसली की इटालियन वार्ताहर कोन्दित्स्योनालेचा आश्रय घेतात. आपण जे 'समजते', 'म्हटले जाते' अशा वेगळ्या शब्दांनी सांगतो, ते तेथे क्रियापदाच्या रूपातच सामावते. म्हणून हे रूप नजरेतून सुटले, तर वाचकाला अफवाही वस्तुस्थिती वाटू शकते.

याच काळाचा आणखी एक उपयोग आहे. 'मी येईन, असे तो म्हणाला' या वाक्यात आपण भविष्यकाळ तसाच ठेवतो. इटालियनमध्ये भूतकाळातून पाहिलेले भविष्य संयुक्त कोन्दित्स्योनालेने सांगतात : 'आ देत्तो के सारेब्बे वेनूतो'. तो नंतर आला की नाही, याविषयी हे वाक्य काहीच सांगत नाही. फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकलेल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण त्या भाषांत येथे साधे रूप चालते आणि त्याच सवयीने 'वेर्रेब्बे' लिहिले जाते.